चाळीतला कांदा आणि फॉर्ममधले ‘हो’

वाचकाचं पत्र: ‘मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदविका केली आहे, नाशिकला राहतो. कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवायची एक डबी तयार केली आहे. ती तापमान, आर्द्रता आणि सडताना सुटणारा वायू मोजते आणि सड सुरू झाली की मोबाइलवर संदेश पाठवते. किंमत ४,८०० रुपये धरली आहे. गूगल फॉर्म करून व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवला. ११२ उत्तरं आली आणि ९६ जणांनी “विकत घेईन” वर खूण केली. त्यातल्या वीस जणांना फोन केले, तर निम्म्यांकडे चाळच नाही आणि बाकीचे “बघू” म्हणतात. आमच्या घरी शेती नाही, ओळखी नाहीत. ज्यांच्याशी बोलायला हवं ते शेतकरी शोधायचे कुठे? आणि किती?’

तुमच्या पत्रातला ९६ हा आकडा बाजूला ठेवा. खरी माहिती मिळाली ती वीस फोनमधून. फॉर्म ज्याच्या हातात मोबाइल आणि रिकामा वेळ होता त्याने भरला: कृषी पदवीचे विद्यार्थी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, मुंबईत नोकरी करणारी गावाकडची मुलं. शिवाय प्रश्नच असा होता की ‘हो’ म्हणायला दमडी पडत नव्हती आणि ‘नाही’ म्हणणं मात्र जिवावर येत होतं. आपल्याकडे नव्या पोराचा उत्साह तोंडावर कुणी मोडत नाही. त्यामुळे ‘चांगलं आहे, करा’ हे वाक्य मोजणीत धरू नका.

शोधायला निघण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा. ‘कांदा उत्पादक शेतकरी’ एवढं पुरणार नाही. पोळ (खरिपाचा) आणि रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा टिकत नाही, तो काढला की बाजारात जातो. त्या शेतकऱ्याला तुमच्या डबीचा काही उपयोग नाही. चाळीत जातो तो उन्हाळ कांदा, मार्च ते मे दरम्यान काढलेला. त्यातही काही जण ट्रॉली भरून थेट मार्केटला नेतात, काही जण शेतातच ढीग घालून पाचट टाकतात आणि पंधरा दिवसांत विकून मोकळे होतात. तुमचा माणूस तो, ज्याने गेल्या हंगामात स्वतःच्या चाळीत किमान १०० क्विंटल उन्हाळ कांदा भरला आणि पोळ्याच्या सणापुढे ठेवायचं ठरवलं. ‘ठरवलं’ हा शब्द मुद्दाम घातलाय, त्याचं कारण पुढे येईल. १०० क्विंटल हा आकडा अंदाजाचा आहे. दहा जणांशी बोलून झालं की तो वर-खाली करा.

आता बाजार समिती. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, विंचूर, चांदवड, उमराणे, येवला, सटाणा, कळवण, यांपैकी कुठेही चालेल, पण एकाच ठिकाणी सगळी भेटगाठ उरकू नका. भाग बदलला की जमीन, पाणी, चाळीची ठेवण आणि विकण्याची सवय बदलते. लिलाव साधारण सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत होतात. नवखा माणूस चूक करतो ती वेळेची. तो लिलाव चालू असताना पोचतो. व्यापाऱ्यांचा घोळका वाहनापाशी येतो, मिनिटा-दीड मिनिटात बोली होते आणि सहा महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरतो. त्या वेळी शेतकऱ्याच्या आसपासही उभं राहू नका.

बोलण्याजोग्या जागा दोन. पहिली, लिलावाआधीची वाहनांची रांग. शेतकरी ट्रॅक्टरवर बसून असतो, वाहन सोडून जाता येत नाही, वेळ भरपूर असतो, पण मन भावात असतं. दुसरी जागा अधिक चांगली: सौदा झाल्यावर भुईकाट्याची आणि व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करायची रांग. भाव ठरलेला असतो, आता फक्त थांबायचं असतं. भाव फारच पडलेला दिसला तर त्या दिवशी चहा पिऊन परत या. अशा दिवशी मिळालेली उत्तरं कांद्याबद्दल नसतात, रागाबद्दल असतात. निघण्याआधी समितीत फोन करून लिलाव चालू असल्याची खात्री करा. सुट्ट्या, बंद आणि काही ठिकाणी अमावास्येला लिलाव न ठेवण्याची जुनी रीत यांत दिवस फुकट जातो.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने सगळ्यात कामाचे, कारण तेव्हा येणारा उन्हाळ कांदा चाळीतून निघालेला असतो. ट्रॉलीत डोकावलं तरी पुष्कळ कळतं. पत्ती उडालेली, रंग उतरलेला, बुडाशी काजळी, मधूनच हिरवा कोंब. ‘दादा, कधी भरला होता हा?’ एवढ्या एका प्रश्नावर गाडी चालू होते. एप्रिल-मेमध्ये गेलात तर ताजा काढलेला माल दिसेल आणि साठवणुकीबद्दल सगळे आशेनं बोलतील. तेव्हा मागच्या वर्षाचंच विचारा.

मार्केटमध्ये पूर्ण मुलाखत घेऊ नका. तिथे करायचं ते इतकंच: पाच मिनिटं, तीन प्रश्न, एक फोन नंबर आणि ‘शेतावर येऊन चाळ बघू का?’ ‘मुलाखत’ हा शब्द वापरूच नका. तो ऐकला की समोरचा तुम्हाला पत्रकार समजतो आणि मग निर्यातबंदीवर बोलू लागतो. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी, मग ४० टक्के शुल्क, हे विषय निघणारच आणि ते त्यांच्या दृष्टीनं रास्तच आहेत. पण तुमची वही त्यात भरून जाईल. तुम्ही योजनेचे अधिकारी वाटलात तर अनुदान मागतील, कंपनीचे वाटलात तर टाळतील. सरळ सांगा: ‘राम राम. मी नाशिकला असतो, इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. चाळीत कांदा का खराब होतो ते समजून घेतोय. विकायला काही आणलेलं नाही.’ आणि खरंच आणू नका. डबी मोटरसायकलच्या डिकीतसुद्धा नको. असली की दाखवावीशी वाटतेच, आणि दाखवली की पुढची सगळी उत्तरं डबीला मिळतात.

पारखण्याचे तीन प्रश्न असे. गेल्या साली उन्हाळ किती निघाला आणि त्यातला किती ठेवला? शेवटची ट्रॉली कधी विकली? चाळ कुणाची आणि कधी बांधली? यात सडीचा उल्लेख कुठेही नाही, हे बघा. ‘तुमचा कांदा सडतो का?’ असं विचारलं की तुम्हाला काय हवंय ते कळतं आणि निम्मे लोक मदत म्हणून ‘हो, फार सडतो’ म्हणतात. उरलेले प्रतिष्ठेपायी ‘आमच्यात सडत नाही’ म्हणतात. माप त्यांचंच वापरा. टक्के कुणी ठेवत नाही. ‘किती ट्रॉल्या भरल्या, किती निघाल्या, खाद किती निघाली’ असं विचारलं की आकडे बरोबर येतात. खाद म्हणजे सडका, टाकाऊ कांदा.

आता त्या ‘ठरवलं’ शब्दाकडे येतो. ऑक्टोबरमध्ये मार्केटला जो भेटतो, त्याचा कांदा टिकला म्हणून तो भेटतो. ज्याची चाळ जुलैतच बसली, त्याने मिळेल त्या भावाला माल काढला किंवा सडका कांदा बांधावर ओतला. तो ऑक्टोबरच्या रांगेत नाहीच. फक्त रांगेतच शोधलंत तर नुकसान झालेले लोक तुमच्या वहीत कमी येतील आणि ‘सड ही फार मोठी अडचण नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. हे लोक वेगळ्या वाटेनं शोधावे लागतात.

त्यासाठी सगळ्यात दुर्लक्षित माणूस म्हणजे चाळ बांधून देणारा फॅब्रिकेटर. तालुक्याच्या गावी वेल्डिंगची जी मोठी दुकानं असतात, त्यातल्या एक-दोघांनी पंचक्रोशीतल्या कितीतरी चाळी उभ्या केलेल्या असतात. कुणी २५ टनी बांधली, कुणी रुंदी वाढवून हवा कोंडली, कुणी पत्र्याऐवजी सिमेंटचे पत्रे घातले, कुणाची चाळ दुसऱ्याच वर्षी दुरुस्तीला आली, हे त्याला तोंडपाठ असतं. दुपारी कारागीर जेवायला बसतात तेव्हा जा. नावं मागू नका. ‘ज्यांच्या चाळीत तक्रार आली अशा दोघा-तिघांना तुम्हीच फोन लावून द्याल का?’ असं विचारा. त्याचा फोन गेला की दार उघडतं.

दुसरा स्रोत निवडणी करणाऱ्या बायकांची टोळी. चाळ फोडली की कांदा त्यांच्या हाताखालून जातो. टोळीच्या मुकादमीणबाईंना विचारा, ‘मावशी, यंदा सगळ्यात जास्त खाद कुठल्या मळ्यात निघाली?’ त्या तुमच्या ग्राहक नाहीत, पण ग्राहकाचा पत्ता आणि सडीचं खरं माप त्यांच्याकडे आहे. मालक सांगतो त्यापेक्षा त्यांचा आकडा बहुधा खरा निघतो. खळ्यावर खाद आणि गोल्टी (बारीक कांदा) वेगळी घेणारे छोटे व्यापारीही असेच उपयोगी. कोण वारंवार खाद आणतो हे त्यांना माहीत असतं.

कृषी सेवा केंद्राच्या मालकाकडे सगळे जातात, म्हणून त्याच्याकडे कमी वेळ घाला. तो ओळख देईल, पण आपल्या चांगल्या गिऱ्हाइकांची, म्हणजे मोठ्या आणि पुढारलेल्या बागायतदारांची. गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) कोणाला चाळीचं अनुदान मिळालं हे जाणतात. त्यांच्याकडे लाभार्थ्यांची यादी मागू नका, ती देणं त्यांना अडचणीचं आहे. त्यांच्या एखाद्या शेतीशाळेला किंवा गाव बैठकीला मागे बसायची परवानगी मागा. नाशिकचं कृषी विज्ञान केंद्र मुक्त विद्यापीठाचं आहे आणि तिथल्या प्रशिक्षणांना कांद्यावाले येतात. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन केंद्र आणि चितेगाव फाट्याचं बागवानी प्रतिष्ठान इथे एकदा जाऊन या, पण ग्राहक शोधायला नव्हे, विषय समजायला. उघड्या हवेच्या चाळीत २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली मानतात. सड, कोंब आणि वजनातली घट ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तुमची डबी त्यातल्या फार तर दीडावर इलाज आहे. एवढं कळून शेतावर गेलात तर शेतकरी तुम्हाला पोरखेळ करणारा समजणार नाही.

व्हॉट्सॲप गट पूर्ण सोडू नका, फक्त संदेश बदला. फॉर्मची लिंक नको, डबीचं वर्णन नको. असं काहीतरी लिहा: ‘मागच्या हंगामात ज्यांनी स्वतःच्या चाळीत उन्हाळ कांदा ठेवला त्यांच्याशी अर्धा तास बोलायचं आहे. चाळीवर येईन. विक्री नाही. चाळीचा एक फोटो पाठवावा.’ फोटोची अट हीच चाळणी. ज्याच्याकडे चाळ नाही तो आपोआप गळतो. दोनशेंच्या गटातून तीन फोटो आले तरी ते त्या ११२ पेक्षा भारी.

शेतावर गेल्यावर कुणाशी बोलायचं, इथेही लोक फसतात. मार्केटला ट्रॅक्टर घेऊन वडील आलेले असतात. मोबाइलचं आणि नव्या वस्तूंचं बहुतेक घरांत मुलगा बघतो. पण चाळीपाशी रोज जाणारी, वास पहिल्यांदा ओळखणारी व्यक्ती बऱ्याचदा घरातली बाई असते. तिघंही बोलले पाहिजेत. ‘काकू, वास यायला लागला ते कुणाच्या लक्षात आलं?’ हा प्रश्न पुरुषमंडळींसमोर विचारला तर उत्तर भलताच कुणीतरी देतो. म्हणून चाळ बघायला त्यांच्यासोबत चालत जा आणि तिथे विचारा.

बोलणं सगळं मागच्या हंगामाचं. कधी भरला, पाऊस कधी लागला, पहिली शंका कधी आली, मग काय केलं. हा शेवटचा भाग तुमच्या धंद्याचा जीव आहे, त्यामुळे तिथे थांबा. सड कळल्यावर शेतकऱ्यापुढे दोनच वाटा असतात: चाळ फोडून निवडायची किंवा आहे त्या भावाला विकायची. निवडणीला मजूर लागतात, आणि पावसाळ्यात ते मिळत नाहीत. विकायचं तर भाव पडलेला असतो, आणि तो भाव वाढेल या आशेवरच तर कांदा ठेवलेला असतो. मग दहा दिवस आधी संदेश येऊन तो करणार काय? ‘वास आला होता, पण भाव क्विंटलला अकराशे होता म्हणून थांबलो’ असं जर पाच-सहा जणांनी सांगितलं, तर अडचण कळण्याची नाही, करण्याची आहे, आणि मग डबी फुकट दिली तरी चालणार नाही. उलट ‘वास आला तेव्हा मधला अख्खा थर गेलेला होता, आधी कळतं तर त्या बाजूचा माल काढला असता’ असं ऐकू आलं तर तुम्ही योग्य दारात उभे आहात. त्याने आजवर यासाठी काही खर्च केलाय का, तेही बघा: पंखा लावला, पावडर मारली, मजूर लावून मधेच फेरनिवड केली? ज्याने खिशात हात घातलाय तो एक माणूस ‘घेईन’ म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा मोलाचा.

हिशेबाचा मोह आवरा. २५ टनाच्या चाळीत २५० क्विंटल, त्यातला दहा टक्के वाचला तर २५ क्विंटल, पंधराशेनं साडेसदतीस हजार, आणि डबी फक्त ४,८०० ला! हे गणित तुम्ही मांडलंत की समोरचा मान डोलावणार. ते त्याला मांडू द्या. तो त्यात मजुरी, दुसऱ्या हंगामात सेन्सर टिकेल का, चाळीपाशी रेंज आणि लाइट आहे का, हे सगळं घालेल आणि उत्तर वेगळं येईल.

निघताना दोन नावं मागा: एक, ज्याचा कांदा तुमच्यापेक्षा चांगला टिकतो, आणि एक, ज्याचं यंदा फार गेलं. दोन्ही टोकं मिळतात. पण एका माणसाकडून दोनच नावं घ्या. नाहीतर भाऊबंदकीतून, मग एकाच पाण्याच्या पाळीतून, मग एकाच गटाच्या कार्यकर्त्यांतून साखळी वाढते आणि पंधरा माणसं भेटूनही एकच माणूस पंधरा वेळा भेटल्यासारखं होतं. पैसे किंवा भेटवस्तू देऊ नका. वेळेवर जा, अर्ध्या तासाचं बोलला असाल तर अर्ध्या तासात उठा, रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. फवारणीच्या सकाळी आणि लग्नाच्या तिथीला जाऊ नका.

किती, असं विचारलंय. चाळवाले शेतकरी बारा ते पंधरा, निदान तीन तालुक्यांतले. त्यासाठी चाळीसेक जणांशी पाच-पाच मिनिटं बोलायची तयारी ठेवा. पुष्कळ जण नंबर देऊनही फोन उचलणार नाहीत. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, दिवसभर कर्जवाल्यांचे आणि बियाणं कंपन्यांचे फोन येत असतात. अनोळखी नंबरावरून संध्याकाळी सात-साडेसातनंतर, आधी एक संदेश टाकून फोन करा. शेवटच्या तीन-चार भेटींत नवं काही निघेना, की तो गट झाला.

मग दुसरा गट. आम्हाला तर वाटतं तुमचा पैसे देणारा ग्राहक इथे असण्याची शक्यता जास्त आहे, पण तपासल्याशिवाय मानू नका. नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्र सरकारसाठी काम करणाऱ्या सहकारी संस्था भाव स्थिरीकरणासाठी उन्हाळ कांदा खरेदी करतात, आणि तो शेतकरी उत्पादक कंपन्या व संघांमार्फत घेऊन महिनोन् महिने चाळीत ठेवला जातो. २०२३ साली या साठ्याचं उद्दिष्ट ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेलं होतं. इथे एकाच माणसाच्या जिम्मेदारीवर अनेक चाळी असतात, तो रोज सगळ्या चाळी फिरू शकत नाही, आणि किती माल परत निघाला याचा हिशेब त्याला द्यावा लागतो. शेतकऱ्याचं नुकसान नशिबावर ढकललं जातं, याचं कागदावर येतं. अशा कंपन्यांचे संचालक गाठायला सोपे असतात, कार्यालयाला पाटी असते. पण संचालकावर थांबू नका, गोदामावर देखरेख ठेवणाऱ्या पोराला भेटा. पाच-सहा कंपन्या पुरेत.

खळेवाल्या व्यापाऱ्यांकडे तिसऱ्या क्रमांकानं जा, दुपारचा लिलाव आटोपल्यावर, आणि आधी दिवाणजींना भेटून. बहुतेकांचा माल एक-दोन दिवसांत गाडीत भरून परराज्यात निघतो, त्यांना डबी नको. जे साठा करतात तेवढेच कामाचे, आणि साठ्याबद्दल अनोळखी माणसाशी कुणी मोकळं बोलत नाही. सरकारी साठा मर्यादेची भीती असते. ‘किती ठेवलाय’ हा प्रश्न तिथे चुकूनही विचारू नका.

ग्राहक आपण धरला त्याहून वेगळा निघणं यात अपयश नाही. लासलगावातच २००२ मध्ये किरणांचा मारा करून माल टिकवणारं विकिरण केंद्र उभं राहिलं, कांद्याला कोंब फुटू नयेत हा एक मोठा हेतू धरून. २००७ मध्ये तिथूनच विकिरण केलेला आंबा अमेरिकेला गेला. कांद्याच्या पेठेतल्या यंत्राला आंब्याचा निर्यातदार गिऱ्हाईक मिळाला.

सुरुवात मात्र उद्याच करता येईल, आणि मार्केटला जायचीही गरज नाही. ज्या वीस जणांना फोन केलात त्यातल्या निम्म्यांकडे चाळ आहे. तुम्ही त्यांना डबी घ्याल का म्हणून विचारलंत, ते ‘बघू’ म्हणाले. त्यांना पुन्हा फोन करा आणि म्हणा, ‘डबीचं राहू द्या. मागच्या साली चाळीत काय काय झालं ते ऐकायला येऊ का?’